डिस्कची वाटणी आणि सासरेबुवांचा आवाज

जमिनीचे तुकडे पाडण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या खात्यात नाही! मी मोजणीदार. दोन भावांचं बिनसलं की मला बोलावणं येतं. मी जातो, उन्हात उभा राहतो, फीत ताणतो, दोन्हीकडच्या शिव्या खातो आणि हद्दीचे दगड रोवून परत येतो. मी केलेल्या वाटणीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. म्हणजे ठेवलं, पण वरच्या कचेरीत ते टिकलं नाही!

त्यामुळे ऑफिसातला आमचा नकाशे काढणारा सहकारी जेव्हा म्हणाला, "घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं तर आधी डिस्कची पार्टिशन्स करावी लागतील, जरा जपून करा हं," तेव्हा मला हसूच आलं.

"पार्टिशन्स म्हणजे वाटणीच ना?"

"हो, पण साहेब—"

"अरे, एकमेकांवर कुऱ्हाडी उगारलेल्या माणसांच्या वाटण्या केल्यात मी! ही डिस्क काय माझ्यावर कुऱ्हाड उगारणार आहे?"

त्याने ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या पिनांखाली दडलेली एक पेनड्राइव्ह काढून दिली. "यात लिनक्स आहे, पण फार जुनं आहे. घरी नवीन डाउनलोड करून घ्या. हल्लीच्या डिस्कवरचे वाटण्यांचे तक्ते वेगळे असतात."

"जमीन ती जमीन! तिला काय जुनी आणि नवी?" असं म्हणून मी पेनड्राइव्ह खिशात टाकली. तो आणखी काहीतरी सांगत होता, पण मी तोवर जिना उतरलो होतो.

आता हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगतो. हेतू चांगला होता. माझ्या सगळ्या भानगडींत हेतू चांगलाच असतो, हे माझी बायकोसुद्धा मान्य करते. फक्त मान्य करताना ती कपाळावर हात मारून घेते.

आमच्याकडे माझे सासरे राहतात. मी त्यांना बाबाच म्हणतो. ते लिलाव पुकारायचे. बुडालेल्या दुकानांतला माल, जुनी कपाटं, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, जे समोर येईल ते! आवाज असा, की हॉलमध्ये मायक्रोफोन लावला तर लोक तक्रार करायचे. पुढे घशाचा आजार झाला आणि स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. ज्या माणसाने जन्मभर आवाजावर पोट भरलं, त्याच्याकडे आता नुसता श्वास उरला. मी त्या दिवशी दवाखान्यात उभा होतो. खिशातली फीत उगीचच काढत होतो आणि गुंडाळत होतो.

पण बायको धोरणी. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे मिळाले होते, तेवढ्यात तिने बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्यांची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली. नंतर एकेका वाक्याला पडद्यावर एकेक बटण. बाबांनी माऊसने बटण दाबायचं, की स्पीकरमधून त्यांचा आवाज येणार! "पोरी, औषध दे." "आज भूक नाही." "खिडकी उघडा." बटणांचे गट केले होते: जेवण, औषध, पाहुणे. आणि सगळ्यांत मोठा गट, पडद्याच्या उजव्या अंगाला, त्यावर लिहिलं होतं: जावई.

"माझ्यासाठी एवढी वाक्यं कशाला, बाबा?" मी तेव्हा विचारलं होतं.

"प्रसंग तिथेच जास्त येतात," असं ते म्हणाले आणि तेही रेकॉर्ड करून ठेवलं!

"जावईबापू, दार हळू लावा." "जावईबापू, विषय बदला." "तुम्हाला कोणी विचारलं?" "हे तुम्ही दुरुस्त केलंत की मोडलंत?" दिवसातून निदान दहा वेळा मी हे ऐकायचो. सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली. मग हळूहळू असं झालं, की मी मुद्दामच दार जोरात लावायला लागलो.

अडचण अशी झाली, की कॉम्प्युटर मंदावला. बटण दाबलं की तो विचार करत बसायचा, आणि वाक्य बाहेर पडेपर्यंत बोलणं भलतीकडेच गेलेलं असायचं. एकदा शेजारच्या काकू आल्या आणि मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. बाबांनी आनंदाने बटण दाबलं. काही नाही! पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही! तिसऱ्यांदा दाबलं. तोवर काकू पुढच्या बातमीवर गेल्या होत्या. "आणि आमचे हे काल न्हाणीघरात पाय घसरून पडले हो, कमरेला मार बसला," असं त्या म्हणाल्या मात्र, आणि स्पीकर गरजला, "वा! फार छान झालं!"

काकूंनी पदर सावरला. बाबा दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणताहेत, तोवर पुन्हा, "वा! फार छान झालं!" आणि त्या उठून दारापर्यंत पोचल्यावर तिसऱ्यांदा! त्या अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

आम्ही हसलो, पण बाबा हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी माऊसला हात लावला नाही. वेळेवर न येणारा शब्द काय कामाचा, असं त्यांना वाटत असावं. लिलावात तर क्षणाचा उशीर झाला तरी कपाट दुसऱ्याच्या घरी जातं. ते गप्प बसलेले मला बघवेना, म्हणून मी हे लिनक्सचं मनावर घेतलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी हलकी, फुकट प्रणाली; तिने थकलेले कॉम्प्युटर तरतरीत होतात, असं ऐकलं होतं.

"नका हात लावू त्याला," बायको शनिवारी सकाळी कामावर निघताना म्हणाली. ती औषधांच्या दुकानात असते. "रविवारी मी घरी असताना करू."

"अगं, तू येईपर्यंत झालेलंसुद्धा असेल!"

"तीच तर भीती आहे. आणि काही करायच्या आधी बाबांच्या आवाजाची कॉपी काढून ठेवा. आधी कॉपी! ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय ऐकलंत?"

"आधी कॉपी."

ती गेली. मी ताबडतोब, अगदी शहाण्या मुलासारखा, आधी कॉपी काढली! पडद्यावर 'बाबांचा आवाज' असं लिहिलेलं एक पिवळं पाकीट होतं. ते उचलून दुसऱ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी झाली.

"बघा बाबा!" मी म्हटलं, "तुम्ही म्हणता कॉम्प्युटर मंद आहे. कॉपी बघा कशी झरकन झाली!"

बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या भुवया वर गेल्या. ते पुढे वाकून माऊसकडे हात नेत होते, पण मी तेवढ्यात कॉम्प्युटर बंद केला. आता माझ्या लक्षात येतंय, की मला थांबवू शकणारा जो एकमेव माणूस त्या घरात होता, त्याचं तोंड मी पहिल्या पावलालाच बंद करून टाकलं होतं.

जुनी पेनड्राइव्ह आधी चालेना. मग कॉम्प्युटरच्या पोटातल्या सेटिंगमध्ये शिरलो, तिथे 'जुनी पद्धत' अशा अर्थाचं काहीतरी दिसलं, ते निवडलं आणि लिनक्सचा पडदा उजळला! मी बाबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बाबांनी त्यांचा लिलावाचा लाकडी हातोडा उचलला. तो नेहमी त्यांच्या खुर्चीपाशी असतो, कोणाला हाक मारायची तर ते टेबलावर आपटतात.

ठक!

"चहा?" मी विचारलं. "आणतो, आणतो! हे एवढं बघतो आणि आणतो."

पडद्यावर डिस्कचा नकाशा आला. आणि काय सांगू, मला माझ्या कचेरीत बसल्यासारखं वाटलं! डिस्क म्हणजे एक लांबलचक पट्टा, आणि त्यावर एकच नोंद: या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच भाग, प्रकार अनोळखी.

म्हणजे बघा, अख्खी जमीन एकाच्या नावावर आणि त्या एकाचा पत्ता नाही! असली प्रकरणं मी डोळे मिटून निकालात काढतो. आमच्या कामाची एक पद्धत आहे. जुन्या खुणांवर विसंबायचं नाही. एखादा दगड कोणीतरी चोरून सरकवलेला असतो, एखादा नांगराने हललेला असतो. म्हणून आधी सगळ्या जुन्या खुणा उपटायच्या, मोकळ्या जमिनीवर उभं राहायचं आणि पहिल्यापासून मोजायचं. याच पद्धतीने मी नाव कमावलंय.

मी ती अनोळखी नोंद उपटली.

ठक! ठक!

"हो बाबा, साखर कमी, माहितीये!"

नवा तक्ता आखला. सुरुवातीला लिनक्सपुरता एक बेताचा तुकडा कापला. उरलेली जमीन तशीच पडीक ठेवली, म्हटलं तिचं नंतर बघू. लिनक्सने विचारलं, असं असं करतोय, नक्की ना? मोजणीदाराला नक्की ना म्हणून विचारायचं! मी एंटर मारलं.

ठक! ठक! ठक! ठक!

मी चहा करून आणला. बाबांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत हातोडा आपटला. मी दुसरा कप आणला. ते उठून उभे राहिले, पडद्याकडे बोट दाखवलं आणि टेबलावर असा काही ठोका दिला, की पहिला कप बशीतून उडाला. "बाबा, डॉक्टरांनी दिवसाला दोनच सांगितलेत," असं म्हणत मी तिसरा आणला! ते मटकन खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप आली असेल.

बायको दुपारी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. "ये, बघ! कॉम्प्युटर नव्यासारखा झालाय!"

आणि खरंच झाला होता हो! निळाशार पडदा, बटण दाबायचा अवकाश, की सगळं लखलख उघडत होतं. तिने आधी पडदा पाहिला, मग टेबलावर गार झालेले चहाचे तीन कप पाहिले, मग बाबांचा चेहरा.

"बाबांचा आवाज कुठाय?"

"कॉपी काढलीये ना! आधी कॉपी, विसरलो नाही मी." मी ऐटीत दुसरी पेनड्राइव्ह लावली. पिवळं पाकीट दिसलं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग एक बारीकशी चौकट आली: हे जिकडे बोट दाखवतंय, ती जागा सापडत नाही.

बायको खाली वाकली. त्या पाकिटाच्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं. तिथे नखाएवढा एक वाकडा बाण होता.

"हा शॉर्टकट आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ही नुसती पाटी आहे. खरा आवाज डिस्कवर, मागच्या भागात होता. तुम्ही पाटीची कॉपी काढलीत."

शेताची नोंद काढायला गेलेला माणूस शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावरची पाटी उपटून घेऊन आला होता! आणि मग शेतावर जाऊन हद्दीचे दगडही उपटून आला होता! मी तिथेच जमिनीवर बसलो.

"तीन वेळा चहा दिलात?" बायकोने विचारलं.

"ते हातोडा आपटत होते."

"ते तुम्हाला थांबवत होते!"

बाबा काहीच करत नव्हते. हातोडासुद्धा खाली ठेवलेला. त्यांनी हळूच माऊस हातात घेतला आणि बाण पडद्याच्या उजव्या अंगाला नेला, जिथे तो सगळ्यांत मोठा गट असायचा. तिथे आता नुसती निळाई होती. त्यांनी तिथे एकदा दाबलं. थोडं थांबले, जसे आधी थांबायचे. मग माऊस सोडून दिला.

ते मला शिव्या घालायला गेले होते आणि त्यांना तेवढंही करता आलं नाही. मी पुष्कळांची भांडणं पाहिली आहेत, पण कोणाला इतकं निःशस्त्र झालेलं पाहिलं नाही. आणि ते मी केलं होतं. मला रडू आवरेना.

"तो आवाज आता परत कुठून आणायचा?" बायको म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "जुना तक्ता पुसून नवा आखलात? वर लिनक्सही टाकलंत? मग विसरा साहेब. नवीन डिस्क पाहिजे तर सांगा." आणि त्याने फोन ठेवला.

बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी उगीचच उठून बाहेरचं दार जोरात लावलं. कोणी काही म्हटलं नाही. मग माझं मलाच वाईट वाटलं आणि मी ते उघडून हळू लावलं.

दाराशी उभा असताना एक विचार डोक्यात आला. नकाशा जळाला म्हणून कधी जमीन गेली आहे का? दगड उपटले तरी शेतातली विहीर आहे तिथेच असते. मी काय केलं होतं? खुणा उपटल्या होत्या आणि पुढच्या एका तुकड्यावर बांधकाम केलं होतं. मागची जमीन पडीक सोडली होती. आळसाने का होईना, पण सोडली होती! बाबांचा आवाज जर तिथे असेल, तर तो अजून तिथेच असेल. फक्त तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सांगणारं कोणी नव्हतं.

मी नकाशेवाल्या सहकाऱ्याला फोन केला. त्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना जे ऐकलं नव्हतं, ते आता उभं राहून, मान खाली घालून ऐकलं.

"साहेब, तुमच्या जुन्या लिनक्सला हा नवा तक्ता वाचताच येत नाही," तो म्हणाला. "असल्या जुन्या प्रोग्रामांनी गडबड करू नये म्हणून नव्या डिस्कवर पहिल्याच जागी एक खोटी नोंद ठेवतात, की अख्खी डिस्क भरलेली आहे, हात लावू नका. म्हणजे डिस्क रिकामी नव्हती. ती नोंद म्हणजे पाटी होती, कोणी आत येऊ नये म्हणून."

"मी तीच उपटली," मी म्हटलं.

"हो. आणि लिनक्सने तिच्या पाठीमागे ठेवलेला खरा तक्ताही चिरडला असणार. पण साहेब, नव्या पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत असते. डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिकडे तुम्ही गेला नाहीत ना?"

दुसरी प्रत! अहो, आमच्या खात्यात प्रत्येक नकाशाची दुसरी प्रत दुसऱ्या गावच्या कचेरीत असते. एका कचेरीत पाणी शिरलं तरी दुसरी शाबूत राहावी म्हणून. ज्याने कोणी हा तक्ता बनवला, तो माणूस नक्कीच माझ्यासारख्या कोणाला तरी ओळखत असणार!

मी धावत आत आलो. "सापडेल! बाबा, सापडेल! मी आत्ता—"

"तुम्ही काही करायचं नाही," बायकोने खुर्ची ओढून घेतली. "तुम्ही सांगायचं. करणार मी."

तिने तिच्या लॅपटॉपवर नवीन लिनक्स उतरवून घेतलं, डिस्कला न शिवता पेनड्राइव्हवरूनच चालणारं. ते बाबांच्या कॉम्प्युटरवर सुरू झालं. सहकारी फोनवरून सांगत होता, मी मोठ्याने म्हणत होतो, बायको एकेक अक्षर टाइप करत होती. प्रत्येक अक्षरानंतर ती विचारायची, "हेच ना?" मी हो म्हटलं, की ती म्हणायची, "तुम्हाला नाही, त्यांना विचारतेय!"

काळ्या पडद्यावर ओळी उमटल्या. सहकाऱ्याने अर्थ सांगितला: पुढचा तक्ता खराब. शेवटचा तक्ता ठीक.

"ठीक!" मी ओरडलो.

"आता मागचा तक्ता पुढे आणायचा, आणि मग लिहायचं," फोनमधून आवाज आला. "एकदा लिहिलं की झालं. नीट बघून."

नक्की ना, असं पडद्याने विचारलं. सकाळी याच प्रश्नावर मी हसलो होतो. आता तिघांपैकी एकाचाही हात पुढे होईना. बायकोने एंटरवर नेलेलं बोट उचलून घेतलं.

"आवाज बाबांचा आहे," ती म्हणाली. "बाबांनी सांगायचं."

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. मग ते खुर्चीत सरळ झाले, खांदे मागे घेतले, हातोडा उचलला. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून बायकोच पुकारायला लागली, लहानपणी हॉलच्या मागच्या बाकावर बसून ऐकलेलं.

"एक वार!" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "दोन वार!"

बाबांनी डोळे मिटले.

"तीन वार!"

ठक्! आणि तिने एंटर मारलं.

पडद्यावर पट्टा परत आला, तुकड्या-तुकड्यांचा, प्रत्येकाची हद्द जिथल्या तिथे. पहिला तुकडा माझ्या लिनक्सने पार चेंदामेंदा केला होता. पण शेवटचा तुकडा उघडला, तर आत एक पिवळं पाकीट. या वेळी मी कोपरा निरखून पाहिला. बाण नव्हता!

बायकोने सगळ्यात आधी त्याची कॉपी लॅपटॉपवर काढली. मग तिच्या पेनड्राइव्हवर काढली. मग सहकाऱ्याला पाठवली. त्या कॉपीला चांगला वेळ लागला, आणि आम्ही तिघं ती सरकणारी पट्टी बघत बसलो होतो. कॉपी म्हणजे असा वेळ लागतो, हे मला सकाळी कोणी सांगायला हवं होतं. सांगत होतं म्हणा, हातोड्याने.

बटणं आता नव्हती, नुसती वाक्यांची यादी होती. बायको खाली खाली जात होती आणि अगदी तळाशी थांबली. तिथे एक नाव नसलेलं रेकॉर्डिंग होतं.

"हे..." ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचं आहे हे. तेव्हा बाबांचा घसा इतका बसला होता, की डॉक्टरांनी एक शब्दही बोलू नका म्हणून सांगितलं होतं. तरी त्यांनी मला खुणेने बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मी कधी विचारलं नाही. यासाठी बटणही करू दिलं नाही त्यांनी." तिचे डोळे भरून आले. "त्यांच्या आवाजातलं शेवटचं वाक्य आहे हे."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. आईंसाठी असेल, मला वाटलं. सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. किंवा बायकोसाठी असेल. आपण इथे असू नये, असं वाटून मी उठायला लागलो.

बाबांनी हात करून मला खाली बसवलं. माऊस ओढून घेतला आणि दाबलं.

आधी नुसती घरघर. मग खोकला. मग घोगरा, फाटलेला, पण ओळखीचा आवाज:

"जावईबापू. हा कॉम्प्युटर माझा आहे. आता माझं सगळं बोलणं यात आहे. तुम्ही याला हात लावायचा नाही. दुरुस्त करायला तर मुळीच नाही." मग लांब श्वास. आणि मग हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलेलं: "तसा ऐकणाऱ्यातला नाही तो. पण आपलं सांगून ठेवलेलं बरं."

बायको आधी थक्क झाली आणि मग हसायला लागली. इतकी हसली, की तिला खुर्चीला धरावं लागलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसतच होती. बाबा गाल फुगवून माझ्याकडे रोखून बघत होते.

मला मात्र हसू येईना. उरलासुरला आवाज! तो बायकोसाठी वापरता आला असता, देवासाठी वापरता आला असता. या माणसाने तो माझ्यावर खर्च केला होता! त्यांना मी केवढा महत्त्वाचा वाटत असेन! निदान केवढा धोक्याचा! मला तर त्या क्षणी दोन्ही एकच वाटलं.

"बाबा," मी म्हटलं, "परत एकदा ऐकू द्या ना," आणि हात पुढे केला.

"अहो!" बायको किंचाळली. "माऊस सोडा!"